चव घेतली, शेफ

चित्रा मासे खात नाही. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? तोंड उघडायचं आणि बोलून टाकायचं. पण ज्या दिवशी बोलायला पाहिजे होतं त्या दिवशी ती बोलली नाही. मग त्या न बोललेल्यावर एकेक दिवस चढत गेला, आणि खालचा दगड ओढायची सोयच राहिली नाही.

आयर्लंडच्या किनाऱ्यावर, डून लेरीत, समुद्राकडे उतरणारी एक गल्ली आहे. तिथल्या एका जुन्या घराच्या तळघरात 'लिले हाउन' नावाचं हॉटेल आहे. डॅनिश भाषेत त्याचा अर्थ लहान बंदर. हॉटेल म्हणजे सोळा खुर्च्या, बास. पाटी एवढीशी की शोधणारा माणूस हमखास पुढे निघून जातो. मेनूकार्ड नाही. आज जे केलंय ते सगळ्यांना, एकामागून एक सात डिश, आणि दुपारी सुरू झालेलं जेवण संध्याकाळच्या तोंडावर संपतं. प्लेट परातीएवढी आणि आत घास चिमणीएवढा, असं म्हणून आपली मंडळी हसतात. हसू देत. त्या घासामागे दोन दिवस कोणाची कंबर मोडलेली असते ते हसणाऱ्याला दिसत नाही.

मालकीण बिर्गिट. पन्नाशीची, उंच, केस आखूड, आवाज कधीच चढत नाही. तिथला मासळी बघणारा किलियन म्हणायचा, ओरडणारा शेफ शंभर पटीने बरा, ही नुसती बघते. तिचा नियम एकच, आणि तो कुठे लिहून लावलेला नव्हता. चव घेतल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. प्रत्येकाच्या ओट्यावर दोन डबे, एकात स्वच्छ चमचे, दुसऱ्यात वापरलेले. चमचा बुडवायचा, तोंडात घालायचा, दुसऱ्या डब्यात टाकायचा, आणि मोठ्याने म्हणायचं, "चव घेतली, शेफ." मग ते भांडं पासवर. पास म्हणजे स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधला लाकडी कट्टा. तिथे बिर्गिट उभी असायची.

चित्रा तिथे आली ती ब्रेडच्या वासाने. खरंच वासाने. हृषीकेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, औषधांच्या प्लँटमध्ये व्हॅलिडेशन इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून वाईहून ही सगळी वरात आयर्लंडला आली होती. वाईत ती बालवाडी चालवायची, पोरं तिला ताई म्हणून हाका मारत गावभर फिरायची. इथे ती कोणाचीच ताई नव्हती. शाळेत ती 'मुक्ताची मम', मंडळात 'हृषीकेशची मिसेस'. अशी वर्षं गेली. एके दिवशी मुक्ताला शाळेत सोडून ती त्या गल्लीतून जात होती, आणि तळघराच्या जाळीतून आंबट, गरम, ओलसर वास आला. आंबील! ज्वारीची आंबील रात्रभर मुरली की सकाळी झाकण काढल्यावर येतो तो वास. ती जागच्या जागी थांबली. खाली राई नावाच्या धान्याचा काळा ब्रेड भाजला जात होता, आणि दारावर चिठ्ठी होती की ब्रेडला माणूस पाहिजे.

चित्राच्या हाताला चव होती यात वाद नाही. तिची आई श्रावणात लोकांकडच्या पुरणावरणाच्या ऑर्डरी घ्यायची, पन्नास-पन्नास पानं. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय चव बघायची नाही म्हणजे नाही. उष्टं होतं. आमटीत मीठ किती ते उकळीचा वास सांगणार, पुरण झालं का ते उलथनं सांगणार. चित्रा त्या चुलीपाशी मोठी झालेली. चुकून बोट चाटलं तर आई सांडशीने पाठ शेकायची. त्यामुळे रांधताना तोंडात काही घालायचं म्हटलं की आजही तिचा हात अर्ध्यावर थांबतो. त्यात घर पक्कं शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा दाराबाहेर.

पहिल्या दिवशी बिर्गिटने विचारलं होतं, तू चव घेतेस ना? चित्रा म्हणाली, हो शेफ. तेव्हा ते फक्त ब्रेडपुरतं होतं. चमचा ओठांपर्यंत न्यायचा, वास घ्यायचा, डब्यात टाकायचा. कोणाचं काय बिघडतं? मग सॉस करणारी मुलगी ऑस्ट्रेलियाला निघून गेली आणि बिर्गिटने ती जागा चित्राला दिली. मसल्स म्हणजे काळे शिंपले उकडून त्यांचं पाणी काढायचं, आटवायचं, ताक आणि लोणी घालायचं, वरून शेपूच्या तेलाचे हिरवे थेंब. त्या हॉटेलचं नाव ज्या एका डिशवर चालायचं तिचा सॉस. त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी तिला हाताला धरून पुढे उभं करत होतं. तिने नाही सांगितलं. खोटं म्हणजे खोटं, तुपात तळलं तरी खोटंच. पण त्या दिवशी तिच्या जागी उभं राहून बघा, मग बोला.

आणि सॉस चांगला व्हायचा. हीच तर गंमत. महिनेच्या महिने चांगला व्हायचा. लोक चमच्याने प्लेट खरवडायचे. तिथे रीत अशी की ज्याने केलं त्यानेच प्लेट टेबलावर न्यायची आणि काय आहे ते सांगायचं. तर चित्रा रोज सोळा लोकांना सांगायची की हा सॉस कसा लागतो. तिने तो जन्मात चाखलेला नव्हता. वर्णन किलियनचं होतं. त्याने एकदा सहज म्हटलं होतं की पोहताना लाट तोंडावर बसते आणि मग कोणीतरी लोणी भरवतं, असं लागतं हे. ती तेच म्हणायची. लोक माना डोलवायचे.

किलियन चाळिशीचा, इथलाच. रोज सकाळी फोर्टी फूट नावाच्या पोहायच्या जागी, तिथल्या खडकांवरून, बर्फासारख्या पाण्यात उडी मारायचा. आधी तो मोठ्या हॉटेलांत होता. दारूने सगळं घालवलं, नोकऱ्या, घर, बायको. मग सोडली. बिर्गिटने त्याला घेतलं तेव्हा एकच अट घातली होती. एकदा जरी पिऊन आलास तर बाहेर, आणि कारण मी ऐकणार नाही. तेव्हापासून त्याने थेंबाला हात लावलेला नव्हता. चित्राला तो 'चिट' म्हणायचा आणि चिडवायचा. तुमच्या देवाला जास्त मीठ झालं तर तो पाणी मागतो का गं? ती म्हणायची, आमचा देव तुझ्यासारखा हावरट नाही. अशी त्यांची दोस्ती. चित्राला भाजलं तर लोणी नव्हे, थंड पाणी लावायचं असतं हे ओरडून सांगणारा, आणि तिच्या इंग्रजीला एकदा एक वेटर हसला तर त्याला बाजूला घेऊन दम देणारा तोच.

त्या हिवाळ्यात बिर्गिटची म्हातारी आई डेन्मार्कला आजारी पडली. बिर्गिटला सारखं जावं लागणार होतं. एक दिवस तिने चित्राला थांबवलं आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी नसेन तेव्हा पासवर तू उभी राहशील. तुझा हात सरळ आहे, म्हणाली. चित्रा त्या दिवशी स्टेशनवरून घरी चालत आली नाही, जवळजवळ पळत आली. हृषीकेशने शिरा केला. जळका, पण केला.

आणि मग तो शनिवार.

आठवडाभर वादळ होतं. नेहमीचा शिंपलेवाला वेक्सफर्डकडचा, त्याच्या होड्या बाहेर पडल्या नाहीत. दुसऱ्या कोणाकडून पश्चिमेकडचे शिंपले आले. तिकडे नदीचं गोडं पाणी मिसळत नाही, सरळ उघडा समुद्र. शिंपल्याच्या पोटात तोच समुद्र भरलेला. शिवाय टेबलांवर वाइन-पाणी देणारी मुलगी तापाने झोपलेली, म्हणून बिर्गिट स्वतः बाहेर खोलीत वाइन ओतत होती आणि पासवर किलियन. मासे पण त्याचेच. म्हणजे दोन माणसांचं काम एका अंगावर.

चित्राने नेहमीसारखं पाणी आटवलं. नेहमीसारखी मिठाची चिमूट टाकली. चमचा ओठांपर्यंत नेला. वास थोडा वेगळा वाटला, हे नंतर ती स्वतःशी कबूल करणार होती. पण बाहेर सोळा माणसं थांबलेली, तव्यावर मासा चुरचुरत होता, किलियनने मान न वळवता विचारलं, "चिट, चव?"

"चव घेतली," ती म्हणाली.

सॉस गेला.

प्लेटी परत आल्या तेव्हा मासा संपलेला आणि सॉस तसाच. चित्राने पहिली प्लेट बघितली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. बिर्गिट आत आली. तिच्या हातात पाण्याचा रिकामा जग होता. तिने जग ठेवला, एक चमचा घेतला, पातेल्यातून सॉस उचलला आणि तोंडात धरला. गिळला नाही. सिंकमध्ये थुंकला.

"हे कोणी चाखलं?"

चित्राने तोंड उघडलं. शपथेवर सांगायचं तर उघडलं होतं. पण त्याच्याआधी किलियन बोलला.

"पास माझा होता, शेफ. मी."

बिर्गिट त्याच्याजवळ गेली. अगदी जवळ. आणि तिने त्याचा वास घेतला. भर स्वयंपाकघरात, कुत्र्यासारखा एका मोठ्या माणसाच्या तोंडाचा वास घेतला. किलियन हलला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. काल कुठे होतास, तिने विचारलं. घरी, तो म्हणाला. जिभेला एवढं मीठ कळत नाही ते कधी, हे तुलाही माहितीय आणि मलाही, असं ती हळू आवाजात म्हणाली. मंगळवारी सकाळी ये, तोवर मी ठरवते. किलियनने ॲप्रन काढला, घडी घातली, खुंटीला लावला नाही, ओट्यावर ठेवला. आणि मागच्या दाराने गेला.

चित्राने सॉसचं पातेलं सिंकमध्ये ओतून दिलं. पुढच्या तीन डिश तिने आणि बिर्गिटने मिळून काढल्या. बिर्गिटने प्रत्येक टेबलाशी जाऊन माफी मागितली. पाहुणे भले होते, ग्रँड ग्रँड, म्हणजे चालायचंच, म्हणाले. एक आजी सोडून. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी सोबत विहीर द्या. बिर्गिट हसली नाही.

घरी हृषीकेशला सगळं सांगितलं. त्याला ती मासे चाखत नाही हे माहीत होतं, पण तिथे हो म्हणून सांगते हे नव्हतं. तो प्लँटमधल्यासारखा बोलायला लागला. रूट कॉज काय?

"मी," चित्रा म्हणाली.

हृषीकेश वाईट माणूस नाही. पण त्याची बुद्धी आधी घराभोवती भिंत बांधते, मग बाकी जग बघते. त्याचं म्हणणं असं की त्या माणसाने स्वतःहून अंगावर घेतलंय. तू ढकललेलं नाहीस. तो जुना माणूस आहे, बाई त्याला काढणार नाही, दोन दिवस तोंड फुगवेल आणि सोडून देईल. तू बोललीस तर मात्र तुझं सगळं जाईल. पास तर जाईलच, आणि खोटं बोललीस म्हणून नोकरीपण. परत घरात बसशील आणि मग मला ते बघवणार नाही. शेवटचं वाक्य त्याने हळू म्हटलं आणि ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मुक्ता बारा वर्षांची. ती सोफ्यावर फोनमध्ये होती, ऐकत नाहीये असं वाटत होतं. तिने वर न बघता विचारलं, "सो ही नेव्हर ड्रँक एनिथिंग?"

"नाही गं."

"अँड यू न्यू?"

चित्रा ताटं उचलायला लागली.

"दॅट्स रॉटन, मम," मुक्ता म्हणाली आणि वर निघून गेली.

रविवार-सोमवार हॉटेल बंद असतं. रविवारी चित्राने घरातल्या किचनमधलं प्रत्येक कपाट रिकामं करून पुसलं. डबे घासले. घासलेले परत घासले. सोमवारी सकाळी ती फोर्टी फूटला गेली, कारण किलियन फोन उचलत नव्हता. वारं अजून उतरलेलं नव्हतं. खडकांवर टोप्या घातलेली चार म्हातारी माणसं चहा पीत होती, आणि किलियन पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळून थरथरत बसला होता. तिला बघून त्याने कपाळाला हात लावला.

ती सरळ मुद्द्यावर आली. मी उद्या शेफला सांगणार आहे, मीठ माझं होतं. मी चव घेतली नव्हती. कधीच घेतलेली नाही. मी मासे खात नाही, शिंपले खात नाही, कशाला तोंड लावत नाही. मी तुला तोंडावर खोटं सांगितलं.

तिला वाटलं तो चिडेल. तो मोजे घालत होता. एक मोजा घालून झाला, दुसरा झटकला.

"मला माहितीय," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"तुझे चमचे. दुसऱ्या डब्यात पडतात ते ओले असतात पण चाटलेले नसतात. सॉस तसाच चिकटलेला असतो. भांडी मीच लावतो ना शेवटी. तू सॉसवर आलीस त्याच आठवड्यात कळलं."

मग तू बोलला का नाहीस, असं चित्राने विचारलं.

त्याने खांदे उडवले. म्हणाला, तू नवीन होतीस. घाबरलेली होतीस. आणि मला पण कोणीतरी एकदा घेतलं होतं, न विचारता. म्हणून तू वळलीस की मी घ्यायचो चव, तुझ्या मागे. रोज. शनिवारी तेवढी राहिली. तव्यावर मासा होता, शेफ बाहेर होती, मी विसरलो. म्हणून पास माझा होता म्हणालो तेव्हा मी काही संत वगैरे झालो नव्हतो. पास माझाच होता.

वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तसंच राहू दिलं. मग तिने तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता.

"आणि चव घेऊन तू... काही घालायचास?"

किलियनने पाण्याकडे बघितलं.

"कधी थोडं ताक. कधी पाणी. एखाद्या वेळी मीठ."

"नेहमी?"

"नेहमी नाही," तो म्हणाला. "पण बऱ्याच वेळा, चिट."

म्हणजे तो हात, आईचा म्हणून मिरवलेला, बिर्गिटने सरळ म्हटलेला, ज्याच्यासाठी घरात शिरा झाला, तो हात अर्धा किलियनचा होता. चित्रा खडकावर बसली. खाली लाट आपटत होती आणि शिंतोडे तिच्या बुटांवर येत होते. किलियन म्हणाला, तू काही बोलू नकोस. मी पिऊन नव्हतो हे मला माहितीय, तेवढं पुरे. शेफ काढेल असं वाटत नाही, आणि काढलं तर मी बघेन. तू पासवर उभी राहा, तुला जमेल, फक्त देवाला सांग की थोडं खाऊन घेतेय. तो हसायचा प्रयत्न करत होता. त्याचे दात वाजत होते. आणि चित्राने त्या चार म्हाताऱ्यांपैकी एकाला किलियनकडे बघताना बघितलं, मग शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगताना. लहान गाव. शनिवारची गोष्ट सोमवारपर्यंत खडकांवर पोचली होती. युअर मॅन, म्हणजे तो आपला गडी, परत प्यायला लागला.

ती उठली. तिने किलियनला काही वचन दिलं नाही.

मंगळवारी ती लवकर गेली. बिर्गिट एकटीच होती, ओव्हन तापवत. चित्राने कोट काढला नाही. कोट काढला तर कामाला लागू आणि मग राहून जाईल, असं तिला वाटलं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मीठ, शिंपले, चमचे, ओठांपर्यंत नेऊन खाली टाकणं, शनिवारचं 'चव घेतली'. किलियन मागून चव घ्यायचा तेही सांगितलं.

बिर्गिटने ओव्हनचं दार बंद केलं.

"आणि ब्रेड? ब्रेड तर तुला चालतो."

"ब्रेड पण नाही, शेफ."

"का?"

चित्राने सांगितलं. आई, नैवेद्य, आधी देवाला, मग आपल्याला. रांधणाऱ्याने आधी चाखलं की ते उष्टं होतं. इंग्रजीत सांगताना ते फार गरीब वाटत होतं, पण ती थांबली नाही. बिर्गिट ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुझा देव तक्रार करत नाही," ती म्हणाली. "माझी माणसं करतात. ती इथे विश्वासाने तोंड उघडतात. काय येणार ते त्यांना आधी सांगितलेलंही नसतं. एखाद्या दिवशी शिंपले बिघडलेले असतील, कोणाचं मीठ बंद असेल, आणि तू मला रोज सांगतेस की मी बघितलंय. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पासचं नाटक केलं."

"हो," चित्रा म्हणाली.

खरं होतं.

बिर्गिटने ओटा पुसायला घेतला, स्वच्छ होता तरी. पासचं विसर, असं तिने सांगितलं. सॉसचं पण विसर. राहायचं असेल तर ब्रेडवर, आणि चव घेऊन, माझ्यासमोर. नसेल घ्यायची तर आत्ता सांग, मी मनात काही ठेवणार नाही, पण मग तुला ठेवणार पण नाही. चित्राने विचार केला असं म्हणता येणार नाही. ब्रेडमध्ये शिंपले नव्हते, आणि आई वाईच्या घरात होती. ती म्हणाली, घेईन. आणि मासे? नाही, शेफ. मासे नाही खाणार. पण खाल्ले असंही म्हणणार नाही.

बिर्गिटने मान हलवली. तिच्या लेखी विषय संपला होता. ती वळली. इथे शहाण्या बाईने कोट काढला असता, हात धुतले असते, आणि देवाचे आभार मानले असते की नोकरी राहिली.

"शेफ, अजून एक आहे," चित्रा म्हणाली.

बिर्गिट थांबली.

"शनिवारी तुम्ही किलियनच्या तोंडाचा वास घेतलात."

"हो."

"वास आला होता?"

बिर्गिटने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नव्हता आला. तरी तुम्ही त्याला घरी पाठवलंत. आता खडकांवरची म्हातारी माणसं बोलतायत की तो परत प्यायला लागला. मी चुकले, मला ब्रेडवर टाकलंत, बरोबर केलंत. त्याला तुम्ही सॉरी म्हणा."

आतापर्यंत त्या तळघरात बिर्गिटला कोणी असं बोललं नव्हतं. बिर्गिट तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्याला किलियन घाबरायचा, मोठमोठे शेफ घाबरायचे. आत्ताच वाचलेली नोकरी दोन वाक्यांत घालवायची अक्कल ही, असं हृषीकेश म्हणाला असता. चित्राने नजर खाली घेतली नाही. घेतली असती तर सगळं फुकट गेलं असतं.

"तुझ्या नोकरीपेक्षा हे जास्त आहे का तुला?" बिर्गिटने विचारलं.

"तो माझ्यामागे रोज चव घेत होता," चित्रा म्हणाली. "मला एकदा तरी त्याच्यासाठी घेऊ द्या."

मागचं दार वाजलं. किलियन आला होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, कोर्टात आल्यासारखा. चित्राला कोटात उभी बघून त्याला कळलं काय झालं असणार. त्याने तिच्याकडे असं बघितलं की भाजून काढावं. बिर्गिट त्याला म्हणाली, बाहेर ये जरा. दोघं अंगणात गेले, जिथे रिकाम्या क्रेट रचून ठेवतात. दार लोटलं, लागलं नाही.

चित्राला शब्द ऐकू आले नाहीत. फटीतून बिर्गिटची पाठ दिसत होती आणि किलियनचा अर्धा चेहरा. बिर्गिट बोलली, थोडंच. किलियन जमिनीकडे बघत होता. त्याने मान हलवली, एकदा, आणि मग हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. बिर्गिटने हात पुढे केला. तो त्या हाताकडे बघत राहिला, एवढा वेळ की चित्राच्या मनात आलं, हा नाही घेणार. मग घेतला.

बिर्गिट आत आली आणि काही न बोलता फोन घेऊन खोलीत गेली. मसल्सवाल्याला झापत होती, डॅनिशमध्ये की इंग्रजीत ते कळत नव्हतं. किलियन आला. चित्राशी एक अक्षर नाही. ओट्यावर घडी घातलेला ॲप्रन शनिवारपासून तसाच होता, तो त्याने बांधला. सॉसचं पातेलं चित्राच्या जागेवरून उचललं आणि स्वतःच्या जागेवर नेऊन ठेवलं. तिने कोट काढला, हात धुतले, पीठ काढलं. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. बाहेर डार्ट, म्हणजे इथली लोकल, धडधडत गेली.

त्याचा राग खरा होता. तिला नको सांगू म्हटलं होतं आणि तिने सांगितलं होतं. पास तिच्या हातचा गेला, आणि तो आता त्यालाच मिळणार हे दोघांनाही कळत होतं. तसा मिळालेला त्याला नको होता. चित्रा पीठ मळत होती. मळताना तिने ठरवलं की बोलेल तेव्हा बोलेल. नाही बोलला तरी न पिणारा माणूस म्हणून उद्या खडकांवर जाईल, ते पुरे.

बराच वेळ गेला. मागून फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा, मग परत उघडल्याचा.

"ताक कुठे ठेवतेस तू?" किलियनने विचारलं. आवाज अजून कडूच होता.

"खालच्या खणात. लोण्याच्या मागे."

"कोण ठेवतं असं?"

"मी," चित्रा म्हणाली.

त्याने लोणी बाजूला केलं आणि ताक घेतलं.